कर्करोगाची खूण आणि देणगीचा विनियोग : डीएनए मेथिलेशन तपासण्यांचा परिचय

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांपूर्वी एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतकांनी विश्वस्त मंडळाकडे एक प्रस्ताव पाठविला होता. त्यांच्या भगिनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तल्या. निदान झाले तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. रक्ताच्या एका नळीतून पन्नासहून अधिक प्रकारचे कर्करोग ओळखणारी तपासणी परदेशात निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. भगिनींच्या स्मरणार्थ ती आपल्या रुग्णालयात सुरू करावी, त्यासाठी लागणारी रक्कम आपण देऊ, असे त्यांनी कळविले. प्रस्तावासोबतच्या पत्रात एकच प्रश्न होता : "ही तपासणी तेव्हा असती, तर ती वाचली असती का?"

विश्वस्त मंडळाने प्रस्ताव आदरपूर्वक विचारार्थ घेतला. डॉक्टरांची मते मागविण्यात आली, कार्यालयाने हिशेब मांडला आणि मगच निर्णय झाला. तो निर्णय व त्यामागील कारणे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांना कळावीत, यासाठी हा लेख आहे. लेख कार्यालयाने लिहिला असल्याने त्यात हिशेबाची भाषा अधूनमधून येईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

मेथिलेशन म्हणजे काय?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच प्रत असते. प्रथिने तयार करण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके त्या प्रतीत असतात. असे असूनही डोळ्यातील पेशी पित्त तयार करीत नाही आणि यकृतातील पेशीला प्रकाश दिसत नाही. याचा अर्थ, सूचना सर्वत्र त्याच असल्या तरी त्यांपैकी कोणत्या वाचावयाच्या आणि कोणत्या वाचावयाच्या नाहीत, हे ठरविणारी आणखी एक व्यवस्था शरीरात आहे.

आमच्या भाषेत सांगावयाचे तर डीएनए ही एक मोठी खतावणी आहे आणि प्रत्येक जनुक हे तिच्यातील एक खाते आहे. सर्व शाखांत खतावणीची तीच प्रत ठेवलेली आहे, मात्र कोणत्या शाखेत कोणते खाते चालू आणि कोणते गोठविलेले, हे निरनिराळे आहे. खाते गोठविताना आपण त्यातील आकडे खोडीत नाही. पानाच्या माथ्यावर शिक्का मारतो, एवढेच. पान जागच्या जागी राहते, परंतु त्यावर पुढचा व्यवहार होत नाही.

डीएनएवरील असा शिक्का म्हणजे मेथिल गट. कार्बनचा एक व हायड्रोजनचे तीन अणू मिळून तो बनतो. डीएनएची लिपी ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची आहे. सीच्या लगोलग जी येतो अशा जागी, त्या सीवर हा शिक्का मारला जातो. मानवी डीएनएत अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. पुष्कळ जनुकांच्या आरंभी या जागांची दाटी असते. तेथे शिक्के पडले की ते जनुक सामान्यतः मुके होते. शिक्का मारण्याच्या या क्रियेस मेथिलेशन म्हणतात. पेशीचे विभाजन होताना शिक्क्यांचीही नक्कल नव्या प्रतीवर होते, त्यामुळे यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी तयार होते.

कर्करोगात ही शिस्त दोन्ही बाजूंनी बिघडते. १९८३ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यू फाइनबर्ग व बर्ट व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की गाठीतील डीएनएवर शेजारच्या निरोगी भागापेक्षा शिक्के कमी असतात. जी खाती बंद असावयास हवीत ती उघडली जातात. पुढील संशोधनात दुसरी बाजू उजेडात आली. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या आणि डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांवर नको तेथे शिक्के पडलेले आढळले. संस्थेतील अफरातफरीची सुरुवात लेखापरीक्षकाचे तोंड बंद करून व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

तपासणीच्या दृष्टीने या शिक्क्यांचे मोल तीन कारणांनी आहे. अनेक कर्करोगांत ते लवकर, कधी गाठ होण्यापूर्वीच दिसू लागतात. प्रत्येक अवयवाच्या शिक्क्यांची मांडणी वेगळी असल्याने डीएनएचा तुकडा कोठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. शिवाय डीएनए टिकाऊ असतो. तो रक्तात, मलात, लघवीत किंवा गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यातही सापडतो. रोगाची अशी मोजता येणारी खूण म्हणजे जैवसूचक.

ही खूण वाचतात कशी?

शिक्का सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागते. नमुन्यातील डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. त्यामुळे शिक्का नसलेल्या सी या अक्षराचे रूप बदलते आणि पुढे वाचताना ते टी असे दिसते. शिक्का असलेला सी मात्र बदलत नाही. म्हणजे कागद भिजविल्यावर कच्ची शाई पसरावी आणि पक्की शाई तशीच राहावी, तसे होते. कोणती अक्षरे टिकली हे पाहून शिक्के कोठे होते ते कळते. ऑस्ट्रेलियातील मरियान फ्रोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या बहुसंख्य मेथिलेशन तपासण्या तिच्यावर किंवा तिच्या सुधारित रूपांवर आधारलेल्या आहेत.

उपचाराची दिशा ठरविणारी खूण

या तपासण्यांचा सर्वांत पक्का उपयोग आज मेंदूच्या गाठींमध्ये होतो. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा उग्र कर्करोग आहे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांसोबत टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या देतात. हे औषध कर्कपेशींच्या डीएनएला इजा करते. पेशीतील एमजीएमटी नावाचे जनुक ती इजा दुरुस्त करते. मेथिलेशनमुळे हे जनुक गोठलेले असेल तर दुरुस्ती होत नाही आणि औषध अधिक प्रभावी ठरते.

२००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोनिका हेगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या गाठीत हे जनुक गोठलेले होते, त्यांची मध्यगत हयात केवळ किरणोपचारांनी १५.३ महिने, तर औषधाची जोड दिल्यावर २१.७ महिने होती. ज्यांच्यात जनुक गोठलेले नव्हते, त्यांच्याबाबत हेच आकडे ११.८ व १२.७ महिने असे होते. मध्यगत म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी व निम्मे त्याहून अधिक काळ जगले. एकाच नावाच्या आजाराचे दोन रुग्ण एकाच औषधाला वेगळा प्रतिसाद का देतात, याचे एक उत्तर यातून मिळाले. तथापि हे उत्तर अंतिम निकाल नव्हे. जनुक गोठलेले नसले तरी अन्य चांगला पर्याय नसल्यास डॉक्टर हे औषध देतात. वयोवृद्ध रुग्णाला किरणोपचार व औषध यांपैकी एकच झेपणार असेल, तेव्हा मात्र या अहवालाचे महत्त्व वाढते.

२०१८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी शेकडो प्रयोगशाळांना वापरता येईल असा मेंदूच्या गाठींचा मेथिलेशन-संग्रह सिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाने केलेले निदान या पद्धतीने पडताळले असता सुमारे १२ टक्के रुग्णांचे निदान बदलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मेंदूतील गाठींच्या वर्गीकरणात या पद्धतीला स्थान दिले आहे. रुग्णाला रोग आहे हे ठाऊक असताना, तो नेमका कोणता आणि त्यावर काय चालेल, एवढेच विचारावयाचे असेल तर मेथिलेशनचे उत्तर उपयोगी पडते.

निरोगी माणसांत शोध घेताना

ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसात रोग शोधणे हे त्याहून अवघड काम आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मलाची एक तपासणी मान्य झाली. तीत दोन जनुकांच्या मेथिलेशनबरोबर जनुकीय बदल व रक्ताचा अंशही पाहतात. सुमारे १०,००० व्यक्तींच्या अभ्यासात तिने कर्करोगांपैकी ९२ टक्के शोधले. त्याच रोगासाठी एका जनुकाच्या मेथिलेशनवर आधारलेली रक्ताची तपासणी २०१६ मध्ये मान्य झाली. निरोगी वाटणाऱ्या लोकांच्या अभ्यासात तिला केवळ ४८ टक्के कर्करोग सापडले होते. आतड्यातील गाठीच्या पेशी मलात थेट गळतात. रक्तात मात्र त्यांच्या डीएनएचे फार थोडे तुकडे येतात आणि गाठ जितकी लहान तितके ते कमी.

आता हितचिंतकांनी सुचविलेल्या तपासणीकडे वळू. पन्नासहून अधिक कर्करोगांसाठीच्या या रक्त-तपासणीचे मोठे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग नसलेल्या व्यक्तींपैकी ९९.५ टक्क्यांना तिने बिनचूक 'नाही' म्हटले. कर्करोग असलेल्यांपैकी तिला ५१.५ टक्के ओळखता आले. टप्प्यानुसार पाहता चौथ्या टप्प्यात ९०.१ टक्के, तिसऱ्यात ७७, दुसऱ्यात ४०.४ आणि पहिल्या टप्प्यात १६.८ टक्के रुग्ण ओळखले गेले.

कार्यालयाने याचा हिशेब केला. समजा, पन्नाशी ओलांडलेल्या १०,००० व्यक्तींची तपासणी केली व त्यांपैकी १०० जणांना कर्करोग आहे असे मानले. तपासणी त्यांतील सुमारे ५१ जणांना ओळखील. उरलेल्या ९,९०० निरोगी व्यक्तींपैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५० जणांना ती चुकून 'रोग आहे' असे सांगेल. म्हणजे हाती आलेल्या प्रत्येक दोन धोक्याच्या सूचनांपैकी जवळजवळ एक खोटी. आपल्या भागात या वयोगटात एका वर्षात नव्याने आढळणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण आम्ही धरलेल्या शंभरापेक्षा कमी आहे, त्यामुळे खोट्या सूचनांचा वाटा आणखी वाढेल. अशा प्रत्येक व्यक्तीला पुढे सीटी स्कॅन, पेट स्कॅन, कदाचित बायोप्सी यांतून जावे लागेल. शेतमजुराच्या कुटुंबासाठी ही केवळ चिंता नसते, कित्येकदा ते कर्ज असते. दुसरीकडे 'नाही' असा अहवाल घेऊन समाधानाने घरी गेलेल्यांत ४९ जणांना रोग असेल.

या तपासणीमुळे कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. रोग सापडणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली जमेस धरून दुसरी आपोआप झाली असे मानता येत नाही.

धाराशिवची नोंद

रुग्ण वाचल्याची अशी पक्की नोंद आपल्याच विभागात झालेली आहे आणि तिची आठवण ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने व डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातील प्रमुख नावे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालेली असल्याने गावोगावच्या महिलांशी संपर्क ठेवण्याची यंत्रणा तेथे तयार होती.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला, गावांचे ५२ गट आणि चार विभाग अशी या अभ्यासाची मांडणी होती. एका विभागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात अॅसिटिक आम्ल लावून नजरेने पाहणी आणि चौथ्यात नेहमीच्या सेवेखेरीज काही नाही. चौथ्या विभागातील महिला तपासणीविना ठेवल्या गेल्या, याविषयी पुढे नैतिकतेच्या दृष्टीने चर्चाही झाली. ती होणे योग्यच होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी नसलेल्या विभागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ महिला मृत्यू पावल्या. एचपीव्ही तपासणीच्या विभागात हा आकडा ३४ होता. महिलांची संख्या व काळ यांचा मेळ घालून पाहता मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले होते. तेही आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने.

आमच्या माहितीप्रमाणे २०२२ साली भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखांहून अधिक नवे रुग्ण व सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय महिलांपैकी केवळ १.९ टक्के महिलांची या रोगासाठी कधीकाळी तपासणी झाली होती. पुण्यात तयार होणारी प्रतिबंधक लस जानेवारी २०२३ पासून उपलब्ध आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु तिचा मुख्य लाभ आज वयात येणाऱ्या मुलींना होईल. त्यांच्या आयांना तपासणीचाच आधार आहे.

दुसरी चाळणी

मग मेथिलेशनचा येथे संबंध काय? धाराशिवच्या अभ्यासातच त्याचे उत्तर आहे. एचपीव्ही तपासणी झालेल्या महिलांपैकी १०.३ टक्के महिलांत विषाणू आढळला. उपचार आवश्यक असे कर्करोगपूर्व बदल मात्र सुमारे एक टक्का महिलांतच होते. म्हणजे १०,००० महिला तपासल्या तर हजाराहून अधिक जणींना 'विषाणू आहे' असे सांगावे लागते आणि उपचारांची गरज असते जेमतेम शंभरांना. बाकीच्यांचा विषाणू बहुधा शरीर स्वतःच घालवून टाकते.

या नऊशे महिलांचे काय होते, हा प्रश्न मराठवाड्यात फार गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यापुढे आला. शासनाच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' ही भीती अनेकींच्या बोलण्यात होती. अर्धवट अहवाल हाती देऊन पुढचा मार्ग न दाखविणे किती महाग पडते, हे आपल्या भागाला निराळे सांगावयास नको.

म्हणून विषाणू आढळलेल्या महिलांसाठी दुसरी चाळणी हवी. मेथिलेशनची खूण येथे कामी येऊ शकते. नेदरलँडमधील संशोधकांनी दोन जनुकांच्या मेथिलेशनवर आधारित तपासणी विकसित केली. २५ हून अधिक देशांतील ५१९ गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर ती पडताळली असता ९८ टक्क्यांहून अधिक कर्करोगांत ही खूण आढळल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगपूर्व बदलांपैकी जे जुने व पुढे गेलेले असतात त्यांत ती अधिक आणि नव्या, सौम्य बदलांत कमी दिसते. शिवाय एचपीव्हीसाठी घेतलेल्या नमुन्यावरच ही तपासणी करता येते, महिलेला पुन्हा बोलवावे लागत नाही. गंगापूर किंवा सोयगावच्या वाडीवरून एकदा रोज बुडवून आलेल्या बाईला दुसऱ्यांदा बोलावणे किती अवघड असते, हे आमच्या समाजसेविकांना पुरते ठाऊक आहे.

तरीही उत्साहात मर्यादा विसरून चालणार नाही. ही तपासणी काही कर्करोगपूर्व बदल हुकविते, म्हणून 'नाही' अहवाल आलेल्या महिलेलाही ठरावीक काळाने पुन्हा तपासावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात दुसऱ्या चाळणीसाठी विषाणूच्या प्रकाराची तपासणी, पॅप तपासणी, अॅसिटिक आम्लाची पाहणी व कोल्पोस्कोपी यांचा समावेश होता, मेथिलेशनचा नव्हता. आपल्याकडे आज आम्लाची पाहणी व कोल्पोस्कोपी शक्य आहे आणि त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर उपलब्ध आहेत.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

या सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने पुढीलप्रमाणे निर्णय घेतला. पन्नास कर्करोगांची रक्त-तपासणी निरोगी व्यक्तींसाठी रुग्णालयात सुरू करू नये. देणगीचा मोठा भाग ग्रामीण महिलांच्या एचपीव्ही तपासणीसाठी आणि विषाणू आढळलेल्या प्रत्येक महिलेच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा. पाठपुराव्याची तरतूद झाल्याखेरीज कोणत्याही गावी तपासणी शिबिर घेऊ नये. ज्यांना कर्करोगाचे उपचार लागतील त्यांना आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे किंवा अन्य योग्य ठिकाणी कागदपत्रांसह पाठवावे. देणगीचा काही भाग गरजू मेंदूविकार रुग्णांच्या मेथिलेशन तपासणीच्या शुल्कासाठी वापरावा, मात्र अहवालामुळे उपचार बदलणार असतील तरच. गर्भाशयमुखासाठीच्या मेथिलेशन तपासणीचा दरवर्षी फेरविचार व्हावा.

प्रस्ताव देणाऱ्या हितचिंतकांना आम्ही समक्ष भेटून हे सांगितले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर टाळणे आम्हांस शक्य नव्हते. स्वादुपिंडाचा कर्करोग निरोगी व्यक्तींत वेळीच शोधून जीव वाचविणारी, सर्वांसाठी योग्य ठरलेली तपासणी आज जगात कोठेही नाही. ही रक्त-तपासणी तेव्हा उपलब्ध असती तरी त्यांच्या भगिनी वाचल्या असत्या, असे कोणी म्हणू शकत नाही. आमच्या निर्णयानेही त्या वाचल्या नसत्या. ते काही वेळ स्तब्ध होते. नंतर म्हणाले, "तिला नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीला उपयोगी पडू द्या." त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे वा भगिनींचे नाव येथे दिलेले नाही. देणगीच्या विनियोगाची नोंद पुढील पत्रकांत स्वतंत्र शीर्षाखाली ठेवण्यात येईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

अहवालात 'मेथिलेटेड' किंवा 'अनमेथिलेटेड' असा शब्द आढळल्यास तो चांगला की वाईट, हे शब्दावरून ठरवू नये. मेंदूच्या गाठीत एमजीएमटीचे मेथिलेशन औषधाच्या दृष्टीने अनुकूल असते, तर गर्भाशयमुखाच्या नमुन्यातील मेथिलेशन पुढील तपासणीची सूचना देते. कोणते जनुक आणि कोणता आजार, हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही.

कोणतीही महाग तपासणी सुचविली गेल्यास डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : अहवाल 'आहे' असा आला तर आपण काय करणार आणि 'नाही' असा आला तर काय करणार? दोन्ही प्रसंगी उपचार तेच राहणार असतील, तर खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. असे विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. आमच्या डॉक्टरांनीच हे येथे लिहावयास सांगितले आहे.

रक्तस्राव, न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ अशी लक्षणे असतील तर नव्या तपासण्यांची वाट न पाहता तत्काळ दाखवावे. धूम्रपान करणाऱ्यांसाठी या विषयातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. धूम्रपानाचा ठसा रक्तपेशींच्या मेथिलेशनवर स्पष्ट उमटतो आणि व्यसन सोडल्यावर तो हळूहळू निरोगी स्थितीकडे परतू लागतो. शिक्का डीएनएच्या अक्षरांसारखा कायमचा नसतो. या गुणाचाच उपयोग करून मेथिलेशन कमी करणारे अॅझासायटिडीन हे औषध रक्ताच्या एका विकारासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले.

विज्ञान पुढे जाईल, तसे आमचे निर्णयही बदलतील. ते बदलताना प्रत्येक रुपयामागे कोणाचा विश्वास आहे, याचे विस्मरण आम्हांस होऊ नये, एवढीच प्रार्थना.